मार्थाबायकडचा शुक्रवार

मार्थाबायच्या घरात ‘बिचारी’ हा शब्द चालत नसे. कुणी म्हटलाच, तर त्या हातातलं काम थांबवून विचारायच्या, “कोण बिचारी? कशामुळे?” आणि उत्तर मिळेपर्यंत तशाच बघत राहायच्या. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा पाचव्या मिनिटाला तो शब्द माझ्या तोंडून गेला. गावाकडच्या कुठल्याशा बाळंतिणीबद्दल मी आपली सवयीनं बोलून गेले होते. अशी काही उलटतपासणी झाली म्हणता! पुढच्या दहा वर्षांत मी तो शब्द पुन्हा काढला नाही. निदान त्यांच्यासमोर तरी नाही.

आम्ही बहरीनला गेलो ते पंचाहत्तर साली. आमचे हे बँकेत. जागा मिळाली हूराला, तीन मजली इमारतीत. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे तिकडचं वाणसामानाचं दुकान, त्याला लागून खबूसची, अरबी रोट्यांची भट्टी, पहिल्या मजल्यावर आम्ही आणि दुसऱ्यावर मार्थाबाय. गेल्या गेल्या आठवड्याभरात आमचं दोघांचं जिन्यात कडाक्याचं भांडण झालं. कारण काय, तर गोड पाणी आणणाऱ्याला निरोप द्यायला हे विसरले आणि मी खाऱ्या पाण्यात भात शिजवला. माझा आवाज आधीच दांडगा, त्यातून जिना पोकळ. वरचं दार उघडलं. पांढरा युनिफॉर्म घातलेली एक ठेंगणी, काळीसावळी, घट्ट अंबाडा बांधलेली बाई कठड्यावरून वाकून म्हणाली, “भांडा, खुशाल भांडा. पण आत जाऊन. जिन्यात मुलं खेळतात.” आणि दार लावून घेतलं. बहरीनमध्ये ऐकलेलं पहिलं मराठी ते! मला असा राग आला की मी दोन दिवस वरच्या मजल्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पाण्याचा भरलेला कॅन दारात आणून ठेवला आणि मग चहाला बोलावलं.

त्या वसईच्या. एका मोठ्या हॉस्पिटलात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर. लग्न केलेलं नव्हतं, का, ते मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “सात भावंडांत मी थोरली. माझी मुलं लग्नाआधीच मोठी झाली.” त्यापुढे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. छातीवर उलटं लावलेलं नर्सचं घड्याळ त्या घरातल्या गाऊनवरसुद्धा लावायच्या. जेवायच्या उभ्यानं, ओट्याशी. बोलणं वसईकडच्या हेलाचं, मोजकं, आणि वाद संपवायचा असला की एकच शब्द: खलास. अरबी बायकांना बाळंतपणात “यल्ला, यल्ला”, चल, आटप, म्हणून ओरडायच्या तो आवाज लिफ्टपर्यंत ऐकू यायचा म्हणे. मात्र वॉर्डातली एक गोष्ट कधी घरी आली नाही, आणि आमच्या घरची कधी खाली कोल्ड स्टोअरपर्यंत गेली नाही. “इकडचं इकडे, तिकडचं तिकडे,” असं म्हणायच्या आणि तसं वागायच्या. आमच्या मराठी मंडळींत हे फारच दुर्मिळ होतं. आम्ही तीसचाळीस कुटुंबं. एकीच्या घरी कुकरची शिट्टी झाली की दुसरीला कळायचं डाळ आहे की भात.

आणि त्यातच मधुकर आणि शैला वेगळे झाले. मधुकर पुण्याचा, एका कारखान्यात इंजिनिअर, सनदला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहणारा. शैला एका ऑफिसात टायपिस्ट. स्वतःची नोकरी, म्हणून स्वतःचा व्हिसा. म्हणूनच ती घर सोडू शकली आणि बुसैतीनला एका केरळी नर्सबरोबर खोली घेऊन राहू शकली. त्यांना एक मुलगी, मीनू, साडेचार वर्षांची. दोघं का वेगळे झाले ते मला माहीत आहे, पण ते मी इथे सांगणार नाही. मार्थाबायकडून मी ज्या थोड्याफार गोष्टी शिकले, त्यातली ती एक.

मीनू आईकडे राहायची. पण तिचा व्हिसा बापाच्या नावावर आणि पासपोर्ट बापाच्या कपाटात. कागदावर सगळी मुलगी त्याची, आणि प्रत्यक्षात ती झोपायची आईच्या कुशीत. शैला वकिलातीत जाऊन आली. तिथल्या कारकुनानं सांगितलं, बाई, इथे तुमचं काही होणार नाही, तिकडच्या कोर्टात जा. तिकडे जायचं म्हणजे नोकरी सोडायची, नोकरी सोडली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की मुलगी इथे बापाकडे. ती कुठे जाणार?

पहिले काही शुक्रवार त्यांनी रस्त्यातच भेटून मुलीची देवघेव केली. शुक्रवार सुट्टीचा दिवस. हूरा दोघांच्या मधोमध, म्हणून आमच्या इमारतीखाली, कोल्ड स्टोअरपाशी. एका सकाळी शैला टॅक्सीतून उतरली आणि दोघांची बोलाचाली सुरू झाली. मी वर गॅलरीत. बघता बघता एक हात त्यानं धरलेला, एक हिनं, आणि मधे मीनू. एका पायातली सँडल रस्त्यात पडली. पोर रडतसुद्धा नव्हती, हो! नुसती त्या सँडलकडे बघत होती. तेवढ्यात मार्थाबाय चर्चमधून परत आल्या. आखातात रविवारची प्रार्थना, त्यांचा मिस्सा, शुक्रवारी. त्यांनी सँडल उचलली, मुलीच्या पायात घातली, तिचे दोन्ही हात दोघांच्या हातांतून सोडवले. “तुमचं चालू द्या,” म्हणाल्या, “ती माझ्याकडे बसलीय. दुसरा मजला. ठरलं की एकेकटे वर या.”

तिथून ते शुक्रवार सुरू झाले. शैलानं पावणेदहाला मुलीला मार्थाबायकडे सोडून जायचं. मधुकरनं दहाला येऊन घेऊन जायचं. संध्याकाळी सहाला त्यानं आणून सोडायचं आणि सव्वासहाला शैलानं न्यायचं. जिन्यात गाठ पडायची नाही. मुलीची पिशवी दारात उघडून बघायची नाही. “तिकडे काय केलंस, काय खाल्लंस, कोण आलं होतं,” असलं काही त्या घरात मुलीला विचारायचं नाही. आपल्या घरी विचारलंत तर तुमचं तुम्ही बघा. मधल्या त्या पंधरा मिनिटांत मार्थाबाय मीनूचे हातपाय धुवायच्या, नखं कापायच्या, केस विंचरायच्या. मी एकदा म्हटलं, दर आठवड्याला कसली नखं वाढतात हिची? म्हणाल्या, “वाढत नाहीत. पण तेवढा वेळ तिला हात पुढे करून गप्प बसता येतं.”

आमच्या बायकांना अर्थातच चैन पडेना. चैत्रातलं हळदीकुंकू होतं माझ्याकडे, शुक्रवारीच. मार्थाबायना मी आग्रहानं खाली बोलावलं, त्या मीनूला घेऊन आल्या. शैला यायला अजून दहा मिनिटं होती. कैरीची डाळ खाता खाता एक वयस्कर बाई, मी नाव घेत नाही, मीनूला जवळ ओढून लाडानं म्हणाल्या, “काय गं, तू कुणाची? मम्मीची की पप्पांची?” आपल्याकडे कुठल्याही मुलाला हे विचारतातच. मीही विचारलंय दहादा, मुलाचा चेहरा बघून हसलेही आहे. मीनूनं आधी दाराकडे पाहिलं, मग मार्थाबायकडे, आणि म्हणाली, “आय डोन्ट नो.” बायका हसल्या. मार्थाबाय हसल्या नाहीत. त्या बाईंच्या दोन्ही सुना शेजारीच बसलेल्या. मार्थाबायनी हातातली वाटी खाली ठेवली. “तुमची कुठली सून तुम्हाला जास्त आवडते हो? मोठी की धाकटी?” अगं बाई! घरात असा सन्नाटा पसरला की खालच्या भट्टीतला माणूस ओरडलेला ऐकू आला. “सांगा की,” मार्थाबाय म्हणाल्या. “लाडानंच विचारतेय मी.” त्या बाईंनी पुढे दोन वर्षं माझ्याकडे पाऊल टाकलं नाही. माझं काही बिघडलं नाही त्यानं.

असं वर्षभर चाललं. मीनू हळूहळू बोलायला लागली, नखं कापताना गाणी म्हणायला लागली. आपण या मुलीचं नीट लावून दिलं असं मलाच वाटायला लागलं होतं. मी केलं काय होतं, तर गॅलरीतून बघितलं होतं.

मग तो शुक्रवार. उन्हाळा नुकताच लागला होता. संध्याकाळी सहाला मधुकर मीनूला सोडून गेला. मी साखर मागायला वर गेलेली. मार्थाबाय मोरीत तिचे हात धुवत होत्या. फ्रॉकची बाही वर सरकवली आणि त्यांचा हात थांबला. डाव्या दंडावर लिंबाएवढी सूज, लाल, गरम. “हे काय गं?”

“इंजेक्शन. इट पेन्स, आन्टी.”

“कुणी दिलं?”

“पप्पाज् डॉक्टर. पप्पा म्हणाले, ताप येऊ नये म्हणून.”

पप्पाचे डॉक्टर म्हणजे कंपनीचा दवाखाना. शिफ्टमुळे तो शुक्रवारीही चालू असायचा. मार्थाबायनी हात पुसले, बाही खाली केली, नखं कापली. सव्वासहाला शैला आली. “मम्मी, हात दुखतोय,” मीनूनं सांगितलं. शैलानं मार्थाबायकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “सुई टोचलीय. थंड पाण्याची पट्टी ठेव आज.” बस, एवढंच. शैला मुलीला घेऊन गेली. दार लागलं आणि मार्थाबाय चक्क खुर्चीवर बसल्या. त्या घरात त्यांना बसलेलं मी तोवर क्वचितच पाहिलं होतं.

“सुलभा, कॉलऱ्याची सुई आहे ती,” त्या म्हणाल्या.

त्या काळी भारतात जायचं तर पिवळं कार्ड लागायचं. त्यावर कॉलऱ्याची सुई घेतल्याचा शिक्का नसला की विमानात बसू देत नसत. आणि ते कार्ड सुई टोचल्यापासून सहा दिवसांनी चालू व्हायचं. मार्थाबायनी बोटांवर दिवस मोजले, शनिवार, रविवार, आणि गुरुवारशी थांबल्या. पुढच्या शुक्रवारी दहाला तो मुलीला नेणार, आणि सहाला आणून सोडायच्या वेळी दोघं मुंबईच्या विमानात असणार. मी उठलेच. “मी शैलाच्या मागे जाते, अजून टॅक्सी मिळाली नसेल तिला.”

“बस खाली.”

“अहो, पोरगी चाललीय हातातून!”

“मुलीनं मला जे सांगितलं, ते मी तिच्या आईला सांगितलं, तर उद्यापासून ती मला काही सांगणार नाही. तिला कळेल, आन्टीला दाखवलं की भांडण होतं.” मग म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याला गाडी काढायला सांग. सनदला जायचंय.”

सनदला तेव्हा खजुराच्या बागा, मोकळी जमीन आणि मधेच कंपनीच्या क्वार्टर्सची रांग. मधुकरनं दार उघडलं तो बनियनवर. आम्हाला बघून त्याचा चेहराच उतरला. हे गाडीतच थांबले, मी दारात उभी. मार्थाबाय आत गेल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, “मधुकर, विमान शुक्रवारचं ना?”

तो नाही म्हणाला नाही. हे मला आजही सांगावंसं वाटतं. पलंगाखाली नवी बॅग होती, तिच्यावरचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. तो तिच्याकडे बघत बोलायला लागला. “डिसेंबरात माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, मार्थाबाय. पुढे देतील न देतील. मी परत गेलो तर मीनू इथेच राहणार. मग काय, वर्षातून एकदा फोटो बघायचा? पाच वर्षं झाली तिला. कायद्यानं पाचपर्यंत आई, पुढे पालक मी. आईकडे ठेवतो पुण्याला. शैलानं यावं तिकडे, लढावं कोर्टात.” आणि मग आवाज फुटला त्याचा. “आठवड्यातून आठ तासांचा बाप आहे मी. आठ तासांत काय बाप होतो माणूस?”

“आणि मुलगी नेलीस की तिची आई किती तासांची?”

त्यानं पायानं ती बॅग पलंगाखाली आणखी आत सारली.

“मला तुझा कायदा कळत नाही,” मार्थाबाय म्हणाल्या. “मी एवढंच सांगते. तू शैलाला सांग. कॉन्ट्रॅक्टचं सांग, भीती वाटते ते सांग, माझ्या घरी बसून सांग. सोमवार संध्याकाळपर्यंत. नाही सांगितलंस तर मंगळवारी मी सांगेन. पण तुला न सांगता सांगणार नाही, आणि हे बघ, सांगितलं आताच.”

तो रडला. मोठा माणूस रडतो तेव्हा कुठे बघावं कळत नाही. मी त्या बॅगेकडे बघत राहिले. शेवटी मान हलवून म्हणाला, “सोमवारी येतो.”

परत येताना माझा बांध फुटला. “तुम्ही त्याला सावध केलंत! पासपोर्ट त्याच्याकडे, तिकीट त्याच्याकडे. उद्याच शाळेतून उचलून नेली तर?”

“कार्ड गुरुवारपर्यंत चालत नाही.”

“आणि कुणी ओळखीचा निघाला विमानतळावर? शिक्का मागची तारीख घालून मारून घेतला तर?”

हूराचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाल्या, “तो येईल.” मी म्हटलं, “इंशाल्ला!” आणि ते मी काही देवाचं नाव म्हणून घेतलं नव्हतं.

शनिवारची सकाळ माझी कशी गेली ते मलाच ठाऊक. भाजी करपली. प्रत्येक विमानाच्या आवाजाला मी गॅलरीत. मला सारखी ती रस्त्यात पडलेली सँडल दिसत होती. हे बँकेत, मार्थाबाय ड्यूटीवर, आणि फोन समोर. राग आला की मी आधी बोलते आणि विचार नंतर करते, हा माझा जन्माचा दोष. अकरा वाजता मी शैलाच्या ऑफिसात फोन लावला आणि सुईपासून बॅगेपर्यंत सगळं सांगून टाकलं. फोन ठेवला तेव्हा मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आपण मुलगी वाचवली असं वाटलं.

शैलानं शाळेतून मीनूला घेतलं, ऑफिसातले दोघं जण बरोबर घेतले आणि तडक सनद गाठलं. पुढचं मला त्या दोघांपैकी एकानं सांगितलं. क्वार्टर्सच्या दारात ती ओरडत होती, शेजारपाजारचे बाहेर आले होते, आणि मधुकर एकच म्हणत होता, “मी सोमवारी सांगणार होतो. मी शब्द दिला होता.” ती म्हणाली, “चोरांचा कसला शब्द!” त्यानं बॅग अंगणात भिरकावली. मीनू गाडीत मागच्या सीटवर. तिनं दोन्ही हातांनी कान झाकले होते म्हणे. मग मधुकरनं विचारलं, कुणी सांगितलं तुला? शैला चांगली मुलगी, तिनं माझं नाव घेतलं नाही. त्यामुळे त्याचा तोच समजला. “मार्थाबाय,” तो म्हणाला. “सोमवारपर्यंत थांबते म्हणाल्या आणि एक दिवस धीर धरवला नाही.”

संध्याकाळी मार्थाबाय ड्यूटीवरून आल्या त्या सरळ आमच्याकडे. त्यांना हॉस्पिटलात कळलं होतं. इथे कुकरची शिट्टी कळते, हे तर कळणारच. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “तू?”

मी मान हलवली. त्या रागावतील, ओरडतील, मी तयारी ठेवली होती. त्या आत आल्या, स्वतः गॅस पेटवला, चहा केला आणि कप माझ्या हातात दिला. त्या दिवसानंतर या विषयावर मला त्यांनी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

तो सोमवारी आला असता का? मला अजून सांगता येत नाही. मार्थाबायना खात्री होती. मला वाटतं आला असता, आणि दुसऱ्या क्षणी वाटतं, नसताच आला. तेवढं कळायला दोन दिवस थांबायला हवं होतं, आणि ते मी थांबले नाही.

शुक्रवार बंद पडले. शैला मुलीला दाराबाहेर सोडेना. मधुकरचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं, म्हणजे ज्या भीतीनं हे सगळं झालं ती भीतीच गेली. पण आता तो हूराला पाय ठेवायला तयार नव्हता. मीनूनं म्हणे पुन्हा बोलणं कमी केलं. मार्थाबाय दर शुक्रवारी मिस्सा झाला की टॅक्सी करून बुसैतीनला जायच्या. शैला म्हणायची, “पासपोर्ट त्याच्याकडे आहे. मी कशी पाठवू?” या म्हणायच्या, “शुक्रवार तुझा नाही, त्याचाही नाही. मुलीचा आहे. तिचा तिला दे.” पहिल्या खेपेला शैलानं दार लावून घेतलं. दुसऱ्या खेपेला पाणी दिलं. सात शुक्रवार गेले अशा रीतीनं. आठव्या खेपेला ती म्हणाली, “पासपोर्ट त्याच्या हातातून काढा, मग पाठवते.”

मधुकरला आमच्या ह्यांनी समजावून, पासपोर्टसकट, आमच्या घरी आणलं. मार्थाबाय वरून खाली आल्या. त्यानं त्यांच्याकडे बघितलं नाही. “पासपोर्ट कुणातरी तिसऱ्याकडे ठेव,” हे म्हणाले. “दोघांनी मिळून मागितला तरच परत द्यायचा. मार्थाबायकडे ठेव, हवं तर.”

“त्यांच्याकडे?” मधुकर हसला. ते हसू मला अजून आठवतं. “ज्यांच्या पोटात चार दिवस गोष्ट राहत नाही, त्यांच्याकडे? नाही. ठेवायचाच तर सुलभावहिनींकडे ठेवतो. त्या दिवशी दारात त्याही होत्या, सगळं त्यांनीही ऐकलं होतं. पण त्यांनी तोंड उघडलं नाही.”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी बोलणारच होते. तोंड उघडलंही होतं. मार्थाबायनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. आणि म्हणाल्या, “चांगलं झालं. सुलभाकडेच ठेव.”

त्यानं खिशातून पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला. मी तो कपाटात शालूच्या घडीत ठेवला. पुढच्या शुक्रवारी पावणेदहाला शैला मुलीला वर सोडून गेली आणि दहाला मधुकर आला. तो मार्थाबायशी बोलायचा नाही. दारातून मुलीला घ्यायचा आणि सोडायचा. दिवाळीला आमच्याकडे फराळाला यायचा, मला भाऊबीज घालायचा. नाताळात मार्थाबाय फुगे, म्हणजे मैद्याचे गोड गोळे, तळायच्या, मीनूबरोबर डबा पाठवायच्या. तो डबा रिकामा परत यायचा, पण कसे झाले होते हे तो कधी म्हणाला नाही. आठ वर्षं! सुट्टीला मीनू एकदा आईबरोबर भारतात जायची, एकदा बापाबरोबर. दर वेळी दोघं मिळून मागायचे, मी पासपोर्ट काढून द्यायची, आणि तो महिन्याभरानं परत शालूत यायचा.

पंच्याऐंशीत मार्थाबाय रिटायर होऊन वसईला निघाल्या. दिवस शुक्रवार निघाला. मीनू तेराची, आईपेक्षा उंच. तिला आन्टीला सोडायला यायचंच होतं, आणि शुक्रवार बापाचा, म्हणून मधुकर तिला गाडीतून घेऊन आला. पण तो आत आला नाही, बाहेर गाडीला टेकून उभा राहिला. मीनूनं मार्थाबायना मिठी मारली आणि इंग्रजीत काहीतरी रडत रडत बोलत राहिली. मार्थाबाय तिची पाठ थोपटत होत्या. “जा आता. पप्पा उन्हात उभा आहे,” म्हणाल्या. ती पाण्याची बाटली आणायला म्हणून पुढे गेली तेवढ्यात मी त्यांचा हात धरला. आठ वर्षं मनात साठलेलं होतं सगळं.

“मार्थाबाय, आज मी त्याला सांगते. तुम्ही जायच्या आत सांगते. त्याला आत घेऊन येते, तुमची माफी मागू दे त्याला.”

“पासपोर्ट कुणाकडे आहे?”

“माझ्याकडे.”

“मग गप्प राहा.”

“पण तुमच्यावर राग धरून बसलाय तो, फुकटचा!”

“कुणावर तरी धरणारच होता,” त्या म्हणाल्या. “माझ्यावर धरला, म्हणून शैलावर धरला नाही. राहू दे तसाच.” त्यांनी माझा हात सोडवला, बॅग उचलली आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. ठेंगण्या असल्यामुळे पुढच्या माणसांआडून त्या दिसेनाशा झाल्या. काचेपलीकडे अधिकाऱ्यानं शिक्का मारला तेव्हा एकदा अंबाडा दिसला, बस. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. दोन वर्षांनी वसईहून पत्र आलं, त्यांच्या भाचीचं. मार्थाबाय गेल्या होत्या.

मी आणि मीनू बाहेर आलो. मीनू डोळे पुसत गाडीत जाऊन बसली. मधुकरनं विचारलं, “गेल्या?”

“गेल्या.”

तो जरा वेळ विमानतळाच्या दाराकडे बघत राहिला. “बाई मनानं चांगली,” म्हणाला. “मीनूसाठी खूप केलं, नाही कसं म्हणू? पण तोंडाची पक्की नव्हती. तुमच्यासारखी नव्हती, वहिनी.”

गाडीच्या काचेतून मीनू आमच्याकडे बघत होती.

मी म्हटलं, “हो.”